कोरड्या मुलखात जमीन घेण्याआधी पाण्याचा हिशेब

कमी पावसाच्या ग्रामीण भागात जमिनीचे भाव एकाएकी वर जायला लागले, की त्यामागची कारणं बहुतेक ओळखीची असतात. नवा महामार्ग किंवा विमानतळ जाहीर झालेला असतो. सौरऊर्जा कंपन्यांची माणसं सपाट, भरपूर उन्हाची जमीन शोधत फिरत असतात. एखाद्या नव्या फळबागेने काही जणांना चांगला पैसा दिलेला असतो. किंवा जवळच्या शहरात जागा परवडेनाशी झालेली असते आणि लोकांची नजर शहराबाहेरच्या माळाकडे वळलेली असते. मग दलाल येतात, प्लॉटचे नकाशे छापले जातात, आणि आयुष्याची बचत हाताशी असलेला माणूस विचार करू लागतो: आत्ता स्वस्त आहे, आत्ताच घ्यावी का?

अशा भागात जमीन घेऊच नये असं मला म्हणायचं नाही. माळरानाची सोन्यासारखी जमीन झाल्याची खरी उदाहरणं जगात आहेत. पण जमिनीवर पाण्याचा हक्क आहे का आणि ते पाणी वाईट वर्षात टिकतं का, या दोन प्रश्नांची कागदावर आणि विहिरीवर तपासलेली उत्तरं मिळेपर्यंत भावाची बोलणीसुद्धा करू नयेत. रस्ता, वीज, शेजार, निसर्गदृश्य हे सगळं नंतर बघता येतं.

भाव नेमका कशाचा

जमिनीच्या भावाचे मनातल्या मनात दोन भाग करून बघावेत. एक भाग ती जमीन आज जे देते त्याचा: पीक, चारा, खंडाने दिली तर येणारी रक्कम. दुसरा भाग उद्या ती जे देईल या आशेचा. बारमाही पाण्याच्या काळ्या जमिनीत पहिला भाग मोठा असतो. कोरड्या, पण 'विकसित होणाऱ्या' भागात भावाचा बहुतेक हिस्सा आशेचाच असतो. एकरी भाव बागायती जमिनीपेक्षा कितीतरी कमी दिसतो म्हणून ती स्वस्त वाटते, पण ती जेवढं देते त्या मानाने पाहिलं तर पुष्कळदा ती महाग असते.

आकड्यांत बघू. जमिनीची किंमत १०० धरा. खंडाने दिली तर वर्षाला १ मिळतो आणि कर, कुंपण, राखण यांत तो एक संपतो. याच काळात सुरक्षित ठेवीवर ६ टक्के व्याज मिळत असेल, तर ठेवीतल्या १०० चे दहा वर्षांत १७९ होतात. म्हणजे दहा वर्षांनी ती जमीन १७९ ला विकली गेली, तर तुम्ही ठेवीच्या बरोबरीला आलात, एवढंच. त्यातून खरेदीच्या वेळचं नोंदणी शुल्क, दोन्ही वेळची दलाली आणि विक्रीवरचा कर वजा करायचा. 'दहा वर्षांत भाव दुप्पट झाला' हे ऐकायला मोठं वाटतं, पण तो वर्षाला सव्वासात टक्क्यांच्या आतला दर आहे. ज्यांच्या जमिनीचा भाव दहापट झाला ते बोलतात. ज्यांची जमीन वीस वर्षं तशीच पडून आहे ते कुठे सांगायला जात नाहीत, त्यामुळे आपल्या कानावर येणारी उदाहरणं आधीच गाळून आलेली असतात.

आणखी एक. ही जमीन तुम्हाला दरमहा काही देत नाही, म्हणून ती कर्ज काढून घेऊ नये. हप्ता दर महिन्याला येतो, भाववाढ मात्र आलीच तर एकदम आणि तिच्या वेळेने येते. मधल्या काळात घरात आजारपण किंवा नोकरीचं संकट आलं, तर अशी जमीन घाईने विकता येत नाही. दुष्काळी वर्षात तर गिऱ्हाईकच फिरकत नाही.

पावसाची सरासरी

विक्रेता सांगतो, इथे वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा खोटा नसतो. पण पाच वर्षांचा पाऊस ७००, ६५०, ३००, २५० आणि ६०० असा असला, तरी सरासरी ५०० च येते, आणि त्यातल्या एकाही वर्षी ५०० पडलेला नसतो. पिकाला, झाडाला आणि विहिरीला सरासरी कळत नाही. लागोपाठ आलेली ३०० आणि २५० ही दोन वर्षं बाग मारतात, आणि बाग मेली की नंतरच्या ६०० चा उपयोग नवी रोपं लावण्यापुरताच राहतो. पाऊस जितका कमी, तितका तो वर्षागणिक जास्त हेलकावतो, हे जगभरच्या कोरड्या प्रदेशांना लागू आहे.

पडणाऱ्या पावसाइतकंच उडून जाणारं पाणी महत्त्वाचं. शास्त्रज्ञ कोरडेपणा मोजताना वर्षाच्या पावसाला त्या जागेच्या संभाव्य बाष्पोत्सर्जनाने भागतात. ऊन, वारा आणि झाडं मिळून, पाणी उपलब्ध असतं तर वर्षभरात किती हवेत गेलं असतं, तो हा दुसरा आकडा. भागाकार ०.६५ च्या खाली आला की तो कोरडा प्रदेश, ०.२ ते ०.५ मध्ये आला तर अर्धशुष्क, ०.२ च्याही खाली गेला तर शुष्क. ४०० मिलिमीटर पाऊस आणि १६०० मिलिमीटर बाष्पोत्सर्जन असेल तर उत्तर ०.२५. तोच ४०० मिलिमीटर थंड प्रदेशात पडला तर तिथे गहू डोलताना दिसेल. म्हणून दुसऱ्या देशातल्या किंवा दुसऱ्या हवामानातल्या यशाचे फोटो दाखवून कोणी 'तिथेही एवढाच पाऊस आहे' म्हणाला, तर त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही.

चांगल्या वर्षांवर भरवसा ठेवून जमीन घेतल्यावर काय होतं, याचं एक जुनं उदाहरण दक्षिण ऑस्ट्रेलियातलं आहे. १८६४-६५ मध्ये तिथे भीषण दुष्काळ पडला. सरकारने सर्वेक्षण प्रमुख जॉर्ज गॉयडर यांना दुष्काळाची सीमा आखून द्यायला सांगितलं. गॉयडर घोड्यावरून तो मुलूख फिरले. पावसाच्या नोंदी तुटपुंज्या होत्या, म्हणून त्यांनी झाडोरा वाचला: निलगिरीच्या कुळातली मॅलीची झुडपं कुठे संपतात आणि रुक्ष जमिनीत तगणारी सॉल्टबुश कुठे सुरू होते. त्यांनी आखलेली रेषा वर्षाला साधारण १० इंच, म्हणजे २५० मिलिमीटरच्या आसपासच्या पावसाशी जुळते. तिच्या दक्षिणेला पेरणी करावी, उत्तरेला मेंढ्या चाराव्यात, असा त्या रेषेचा अर्थ होता.

पुढे १८७० च्या दशकात सलग काही वर्षं पाऊस छान झाला. रेषेपलीकडेही गहू येऊ लागला. गॉयडर उगाच घाबरवतात असं लोक म्हणू लागले, आणि नांगरट वाढली की तिच्यामागोमाग पाऊसही येतो, अशी त्या काळी अमेरिकेतही पसरलेली कल्पना इथेही रुजली. १८७२ च्या कायद्याने उधारीवरची जमीनविक्री त्या रेषेच्या दक्षिणेपुरती ठेवली होती, ती मर्यादा १८७४ मध्ये उठवली गेली. कुटुंबंच्या कुटुंबं उत्तरेला सरकली. १८७८ मध्ये तिथे एक गाव आखलं गेलं आणि त्याला नाव दिलं फॅरिना, म्हणजे पीठ, कारण सभोवार गव्हाची शेतं होणार होती. १८८० पासून दुष्काळ परत आला. शेतं सोडून लोक दक्षिणेला परतले. फॅरिनाचे आज दगडी अवशेष आहेत, आणि गॉयडरची रेषा अजून ऑस्ट्रेलियाच्या नकाशांवर दाखवली जाते.

या गोष्टीतली माणसं मूर्ख नव्हती. चार-पाच चांगली वर्षं डोळ्यांसमोर असताना दीडशे वर्षांपूर्वी त्यांना जे वाटलं, ते आज कुणालाही वाटेल. सरकारांनाही वाटतं. अमेरिकेतल्या सात राज्यांनी १९२२ मध्ये कोलोरॅडो नदीचं पाणी करार करून वाटून घेतलं, तेव्हा हाताशी असलेल्या नोंदी नेमक्या ओल्या वर्षांच्या होत्या. नदीत सरासरीने जेवढं पाणी असतं त्यापेक्षा जास्त पाणी कागदावर वाटलं गेलं, आणि त्याचे ताण आजही ती राज्यं भोगत आहेत.

म्हणून पावसाच्या किमान तीस वर्षांच्या नोंदी मागवाव्यात. हवामान खात्याकडे त्या असतात. त्यांत सरासरी शोधण्याआधी सगळ्यांत वाईट वर्ष, सगळ्यांत वाईट सलग दोन वर्षं आणि सलग तीन वर्षं यांवर खूण करावी. तुमच्या डोक्यातला बेत, मग ती बाग असो, घर असो की पाहुण्यांसाठीच्या चार खोल्या असोत, त्या तीन वर्षांतून तरतो का, हे तपासायचं.

विहीर, बोअर आणि जमिनीखालचा साठा

कोरड्या भागात पाणी म्हणजे बहुतेक वेळा भूजल. दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्याव्या लागतात: साठा आणि आवक. आजोबांनी ठेवलेली रक्कम आणि दरमहा येणारा पगार यांत जेवढा फरक, तेवढाच यांत. काही ठिकाणचं खोल पाणी हजारो वर्षांपूर्वीच्या ओल्या हवामानात मुरलेलं असतं. ते उपसलं की गेलं, आपल्या हयातीत भरून येत नाही. बोअरला भरपूर पाणी लागलं, एवढ्यावरून ते आवकेचं आहे की साठ्यातलं, हे कळत नाही. त्यासाठी परिसरातल्या विहिरींची पाणीपातळी गेल्या वीस वर्षांत कुठून कुठे गेली, हे बघावं लागतं. बहुतेक देशांत भूजल खातं निरीक्षण विहिरींच्या नोंदी ठेवतं. त्या नोंदीत पातळी दरवर्षी एक-दीड मीटरने खाली जात असेल, तर तुम्ही विकत घेताय त्या पाण्याची मुदत ठरलेली आहे.

कठीण खडकाच्या प्रदेशात आणखी एक अडचण असते. पाणी खडकाच्या भेगांत असतं आणि भेगा सरळ रेषेत चालत नाहीत. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी आहे म्हणून पन्नास पावलांवर तुमच्याही बोअरला लागेलच, असं नाही.

पाणी पुरेल का, हे साध्या गुणाकाराने बऱ्यापैकी कळतं. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. एखाद्या पिकाला हंगामात ६०० मिलिमीटर पाणी लागतं आणि पावसाने त्यातलं ३०० भागवलं असं धरा. उरलेले ३०० मिलिमीटर म्हणजे हेक्टरी ३० लाख लिटर. विहिरीतून सेकंदाला एक लिटर मिळतो आणि पंप दिवसाला आठ तास चालतो असं धरलं, तर दिवसाचे २८,८०० लिटर आणि शंभर दिवसांचे २८ लाख ८० हजार लिटर होतात. म्हणजे एक हेक्टरसुद्धा पुरता भिजत नाही, तेही गळती आणि बाष्पीभवन न धरता. दहा हेक्टरची जमीन दाखवून त्यावर एक 'चांगली चालणारी' बोअर आहे असं कोणी सांगितलं, तर हा हिशेब तिथेच बांधावर बसून करावा.

नुसतं राहायचं असेल तर गरज खूप कमी असते. चार माणसांना माणशी १०० लिटर धरले तर दिवसाला ४०० लिटर. १०० चौरस मीटरच्या छपरावर ४०० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा साठवता आला, तर ४०,००० लिटर होतात आणि ते शंभर दिवस पुरतात. वर्षाचे बाकीचे दिवस कुठून भागणार, हा प्रश्न उरतोच, पण तो निदान नीट मांडलेला प्रश्न असतो.

विहीर तपासायची ती उन्हाळ्याच्या अखेरीला, पावसाच्या तोंडावर. पावसाळ्यानंतर महिन्याभरात दाखवलेल्या तुडुंब विहिरीला काही अर्थ नाही. पंप निदान २४ तास सलग चालवून पातळी किती उतरते आणि पंप बंद केल्यावर ती किती वेळात वर येते, याची नोंद भूजलतज्ज्ञाकडून करून घ्यावी. त्याचा खर्च जमिनीच्या किमतीपुढे किरकोळ असतो. विक्रेता या चाचणीला तयार नसेल, तर तिथून उठावं. पाण्याची रासायनिक तपासणीही लागतेच, कारण कोरड्या भागातल्या खोल पाण्यात क्षार, फ्लोराइड, काही ठिकाणी आर्सेनिकही असतं, आणि खारं पाणी वर्षानुवर्षं दिलं तर जमीनच पांढरी पडते.

हा साठा सगळ्यांचा मिळून असतो, हेही विसरता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या सॅन व्हाकीन खोऱ्यात शेतीसाठी इतकं भूजल उपसलं गेलं, की १९२५ ते १९७७ या काळात एका ठिकाणी जमीन सुमारे ९ मीटर खचली. भूगर्भशास्त्रज्ञ जोसेफ पोलंड तिथे एका विजेच्या खांबाशेजारी उभे आहेत आणि जुन्या वर्षांतली जमिनीची पातळी त्यांच्या डोक्याच्या पुष्कळ वर पाटीने दाखवली आहे, असं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. खचलेल्या थरात पूर्वीइतकं पाणी परत मावत नाही. तुमच्या शेजारी उद्या एखादी मोठी कंपनी दुप्पट खोलीची बोअर घेऊन बसली, तर तुमची विहीर कोरडी पडू शकते, आणि पुष्कळ ठिकाणी कायदा त्यावर काहीच करत नाही.

जमीन तुमची, पाणी कुणाचं?

हा भाग सर्वांत कमी लोक वाचतात आणि सर्वांत जास्त पैसे इथेच बुडतात.

जमीन घेतली की पाणीही आपोआप आपलं, हे गृहीत धरता येत नाही. नियम देशागणिक वेगळे आहेत. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या बहुतेक राज्यांत नदी-ओढ्याच्या पाण्यावर पहिला हक्क ज्याने आधी वापर सुरू केला त्याचा. दुष्काळात जुन्या हक्कदाराला पूर्ण पाणी मिळेपर्यंत नव्याला थेंबही मिळत नाही, मग नव्याचं शेत नदीकाठाला का असेना. टेक्साससारख्या राज्यात आपल्या जमिनीखालचं पाणी उपसण्याची जमीनमालकाला बरीच मोकळीक आहे, म्हणजे तीच मोकळीक शेजाऱ्यालाही आहे. भारतात जमिनीखालच्या पाण्यावर जमीनमालकाचा अधिकार ही समजूत १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या काळापासून चालत आलेली आहे, त्यावर आता वेगवेगळ्या राज्यांचे भूजल कायदे आले आहेत. ऑस्ट्रेलियाच्या मरे-डार्लिंग खोऱ्यात पाण्याचा हक्क जमिनीपासून सुटा करून स्वतंत्रपणे विकता येतो. तिथे एखादं सुंदर शेत, पाट आणि पंपघरासकट, पाण्याच्या हक्काशिवाय विक्रीला असू शकतं. चिलीने १९८१ च्या जलसंहितेने पाण्याचे हक्क असेच वेगळे केले.

नियम बदलतातही. कॅलिफोर्नियात भूजलाचा उपसा ताळ्यावर आणणारा, राज्यभर लागू असा कायदा २०१४ मध्ये आला. त्यानुसार जास्त उपसा झालेल्या खोऱ्यांना २०४० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत उपसा आणि भरणा यांचा मेळ घालायचा आहे. याचा सरळ अर्थ, आज बागायत असलेली काही जमीन पडीक ठेवावी लागणार. २०१३ मध्ये तिथे बदामाची बाग घेणाऱ्याने पाण्याची जी गोष्ट गृहीत धरली होती, ती पुढच्याच वर्षी बदलायला लागली. कायदा योग्यच आहे असं मला वाटतं. पण खरेदीदाराने असा कायदा येऊ शकतो हे धरूनच भाव द्यायला हवा.

आता ॲरिझोनातल्या रिओ व्हर्डे फूटहिल्स या वस्तीकडे बघा, कारण प्लॉट विकत घेणाऱ्या सामान्य माणसाची गोष्ट इथे नीट दिसते. ॲरिझोनाने १९८० मध्ये भूजल कायदा केला आणि त्यातून मोठ्या शहरी पट्ट्यांत एक नियम आला: नवी वसाहत पाडून प्लॉट विकायचे तर १०० वर्षं पुरेल एवढं पाणी आहे हे दाखवा. पण हा नियम सहा किंवा त्याहून जास्त तुकडे पाडणाऱ्यांना लागू होता. मग जमिनीचे पाच-पाच तुकडे करून विकण्याचा प्रकार सुरू झाला. एकेका व्यवहारात सगळं कायदेशीर, एकत्र पाहिलं तर पाण्याशिवायचं गाव. शेकडो घरं शेजारच्या स्कॉट्सडेल शहराच्या नळावरून टँकरने पाणी आणून चालत होती. कोलोरॅडो नदीची पातळी घसरली तेव्हा शहराने आपल्या रहिवाशांचा विचार केला आणि १ जानेवारी २०२३ पासून बाहेरच्या टँकरना पाणी बंद केलं. लोकांना महिनोन्‌महिने लांबून महागडं पाणी आणावं लागलं, काहींनी पावसाचं पाणी बादल्यांत साठवलं. शेवटी राज्याच्या विधिमंडळाला मध्ये पडून तात्पुरती सोय करावी लागली. त्याच वर्षी जूनमध्ये राज्याने फीनिक्सच्या पट्ट्यात केवळ भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहतींना मंजुरी देणंही थांबवलं.

या घरमालकांकडे जमिनीचे कागद स्वच्छ होते. म्हणून 'टायटल क्लिअर आहे' हे उत्तर अर्धंच असतं. पाण्याबद्दल वेगळं विचारावं: हक्क लेखी आहे का, कुणाच्या नावावर आहे, किती पाण्याचा, कोणत्या तारखेपासूनचा, विक्रीबरोबर तो माझ्याकडे येतो का, काही वर्षं वापरला नाही तर जातो का, टंचाईत माझ्या आधी रांगेत कोण आहे. पाणी टँकरने येत असेल तर तो टँकर कुठे भरतो आणि त्या विहिरीच्या मालकाने उद्या नाही म्हटलं तर काय, हेही. आणि नवी बोअर घ्यायला परवानगी मिळते का हे विक्रेत्याकडून ऐकू नये, संबंधित कार्यालयातून लेखी आणावं.

घोषणा

रस्ते, विमानतळ, उद्योगनगरी यांच्या घोषणेपासून त्या प्रत्यक्ष चालू होईपर्यंत बऱ्याच पायऱ्या असतात: घोषणा, मंजुरी, पैशाची तरतूद, भूसंपादन, काम, आणि शेवटी वापर. भाव पहिल्या दोन पायऱ्यांतच बराच उडतो. बाहेरच्या माणसाच्या कानावर बातमी येते तोवर तिची किंमत भावात शिरलेली असते. त्यातून द्रुतगती महामार्गाला चढण्या-उतरण्याच्या जागा मोजक्या असतात. रस्ता शेताला लागून गेला तरी चढायची जागा वीस किलोमीटरवर असेल, तर तुमच्या वाट्याला फक्त आवाज आणि कुंपण येतं.

आणि सगळं बांधून झालं तरी माणसं येतीलच असं नाही. स्पेनच्या ला मांचा या कोरड्या पठारावर सिउदाद रेआल इथे एक अब्ज युरोहून अधिक खर्चून विमानतळ बांधला गेला. २००८ च्या अखेरीस तो सुरू झाला, २०११ मध्ये प्रवासी विमानं बंद झाली, २०१२ मध्ये विमानतळच बंद पडला. कॅलिफोर्निया सिटीची गोष्ट त्याहून जुनी. १९५८ मध्ये नॅट मेंडेलसन या विकासकाने मोहावी वाळवंटात मोठं शहर वसवायचं ठरवलं, रस्त्यांचं जाळं आखलं, लोकांनी प्लॉट घेतले. क्षेत्रफळाने ते आज त्या राज्यातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक आहे आणि लोकवस्ती आहे पंधरा हजारांच्या आसपास. विमानातून बघितलं की घरं नसलेल्या गल्ल्यांच्या रेघा मैलोन्‌मैल दिसतात. त्या प्रत्येक रेघेवर कुणाचे तरी कष्टाचे पैसे आहेत.

याउलट स्पेनच्याच अल्मेरियात, युरोपातल्या सर्वांत कोरड्या कोपऱ्यांपैकी एकात, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कायापालट झाला. सरकारने विहिरी खोदल्या, कुटुंबांना जमीन दिली, वाळूचा थर पसरून आणि प्लास्टिकखाली भाजी पिकवण्याची पद्धत तिथल्या शेतकऱ्यांनी पक्की केली, आणि युरोपची बाजारपेठ मिळाली. आज तिथे सुमारे ३०,००० हेक्टरवर हरितगृहं आहेत. पण किनाऱ्यालगतच्या भूजलात समुद्राचं खारं पाणी शिरलं आणि आता गोड्या पाण्यासाठी खर्चिक प्रकल्पांचा आधार घ्यावा लागतो. शिवाय हा पैसा जमिनीच्या पोटातून आपसूक उगवला नाही, तो तिथे राबणाऱ्यांनी उभा केला, आणि त्यात बाहेरून आलेल्या मजुरांच्या अतिशय हलाखीच्या राहणीचाही वाटा आहे. जमीन घेऊन कुलूप लावून बसणाऱ्याने अल्मेरियाचं उदाहरण देऊ नये.

सौरऊर्जेचं तंत्र वेगळं आहे. तिथे पाणी लागत नाही म्हटलं तरी चालेल, ऊन आणि सपाटी पुरते. मात्र जमिनीपासून वीज उपकेंद्र किती लांब आहे आणि त्यात नवी वीज घ्यायला जागा शिल्लक आहे का, यावर सगळं ठरतं. कंपन्या आधी थोड्या पैशांत जमीन अडवून ठेवणारा करार करतात आणि काही वर्षांनी प्रकल्प होणार की नाही ते सांगतात. तोवर तुम्हाला ती दुसऱ्या कुणाला देता येत नाही. करार पंचवीस-तीस वर्षांचा असेल तर भाडं दरवर्षी किती वाढणार, कंपनी बुडाली तर सौरपॅनेल आणि काँक्रीट कोण उचलणार, त्यासाठी रक्कम वेगळी ठेवली आहे का, हे वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.

'ओसाड' जमिनीवर कोण असतं

मातीची खोली, तिच्याखालचा चुनखडीचा कडक थर, कोरड्या ओढ्याचं पात्र हे सगळं जाणकाराला सोबत नेऊन बघावंच. कोरड्या प्रदेशात पाऊस आला की एकदम येतो आणि स्वस्तात मिळालेला सपाट तुकडा नेमका पुराच्या वाटेत निघतो. हद्द मोजून घ्यावी. जमिनीपर्यंत जाणारा रस्ता कागदावर आहे का, की शेजाऱ्याच्या चांगुलपणावर आहे, हे बघावं.

पण मला इथे दुसरंच काही जास्त महत्त्वाचं वाटतं. जगातली जवळपास ४० टक्के जमीन कोरड्या प्रदेशांत मोडते आणि दोन अब्जांहून जास्त माणसं तिथे राहतात. ज्या माळाला खरेदीदार रिकामा म्हणतो, तो पुष्कळदा कुणाचा तरी चराऊ मुलूख असतो. मेंढपाळ वर्षातून दोन महिने तिथून जातात, बाया सरपण आणि औषधी पाला नेतात, गुरं एका ठराविक पाणवठ्यावर येतात. यातलं काहीच खरेदीखतात लिहिलेलं नसतं. वसाहतकाळात अशा जमिनींवर पडीक असा शिक्का बसला, कारण त्या महसूल देत नव्हत्या, आणि तो शिक्का पुष्कळ ठिकाणी अजून पुसलेला नाही. तुम्ही कुंपण घातलं की पिढ्यांची वाट बंद होते. तुम्ही खोल बोअर घेतली की वस्तीची उथळ विहीर आटते. कायदा तुमच्या बाजूने असला तरी हे घडतं, आणि तिथे राहायचं असेल तर त्याच माणसांमध्ये राहायचं असतं. खरेदीआधी गावात चार दिवस काढून ही जमीन कोण कशी वापरतं हे विचारणं, वाट आणि पाणवठा मोकळा ठेवून हद्द आखणं, हे मला खरेदीचाच भाग वाटतं.

त्या चार दिवसांत आणखी एक काम होतं. शेजारच्या शेतकऱ्यांना विचारायचं, हीच जमीन तुम्हाला कितीला परवडेल. त्यांना तिथली माती, वाईट वर्षं, विहिरींचा स्वभाव आणि मालकीची जुनी भांडणं सगळं माहीत असतं, आणि लागून जमीन असल्याने तिचा सर्वांत जास्त उपयोगही त्यांनाच असतो. ते मागितलेल्या किमतीच्या निम्म्यानेही घ्यायला तयार नसतील, तर का नाही हे नीट ऐकून घ्यावं. त्यांचा भाव आणि विक्रेत्याचा भाव यांतला फरक कागदावर लिहून काढावा. तेवढी रक्कम तुम्ही निव्वळ आशेसाठी मोजताय. प्रकल्प आला नाही तर तुमच्या जमिनीचं पहिलं गिऱ्हाईक हाच शेजारी असणार आहे, आणि तो तेव्हाही आपल्याच भावाने विचारील.